ठाऊक असूनही मारता न येणारा चेंडू

२७ ऑक्टोबर १९९९. न्यूयॉर्कचं यँकी स्टेडियम, बेसबॉलच्या वर्ल्ड सिरीजचा, म्हणजे मोसमाच्या अंतिम मालिकेचा, चौथा सामना. अटलांटा ब्रेव्ह्जचा डावखुरा बॅटर रायन क्लेस्को खेळायला उभा आहे आणि समोरून चेंडू टाकतोय न्यूयॉर्क यँकीज संघाचा मारियानो रिव्हेरा. क्लेस्कोची बॅट मोडते. तो दुसरी घेऊन येतो, तीही मोडते. मग तिसरी. एकाच खेळीत तीन बॅटी! त्याच्याच संघाच्या बाकावर बसलेल्या चिपर जोन्सला हसू आवरेना.

क्लेस्कोला कुठला चेंडू येणार हे माहीत नव्हतं असं मुळीच नाही. सगळ्या अमेरिकेला ते माहीत होतं. पुढेपुढे तर रिव्हेरा दहातले आठ-नऊ चेंडू एकाच प्रकारचे टाकत असे. त्या चेंडूचं नाव 'कटर'. क्रिकेटवर वाढलेल्या मला हे कोडं कित्येक वर्षं सुटत नव्हतं. आपल्याकडे गोलंदाज यॉर्करमागून यॉर्कर टाकू लागला की एखादा फलंदाज क्रीजच्या आत खोल उभा राहतो आणि त्याचीच हाफव्हॉली करून भिरकावतो. मग रिव्हेराचा एकच एक चेंडू १६-१७ वर्षं कुणाच्याच हाती का लागला नाही? उत्तर शोधायला गेलो तेव्हा हवा, लाकूड, डोळा आणि कोपर असा बराच लांबचा फेरफटका झाला.

आधी त्याच्या कामाबद्दल. बेसबॉलचा सामना ९ इनिंगचा. एका इनिंगमध्ये दोन्ही संघ एकेकदा खेळतात, तीन बॅटर बाद होईपर्यंत. सुरुवात करणारा पिचर, म्हणजे चेंडू टाकणारा, पाच-सात इनिंग टाकतो, मग दमतो. शिवाय तेच बॅटर त्याच्यासमोर दुसऱ्या-तिसऱ्यांदा आले की त्यांना तो 'दिसू' लागतो. म्हणून त्याच्या जागी ताज्या दमाचा पिचर येतो, तो रिलीव्हर. त्यातही निसटती आघाडी राखण्यासाठी अगदी शेवटी येणारा तो क्लोजर. वीस षटकांच्या सामन्यात शेवटची षटकं ज्याच्यासाठी राखून ठेवतात, त्याच जातीचा माणूस. त्याने आघाडी टिकवली की त्याच्या नावावर एक 'सेव्ह' जमा होतो. सेव्हची अधिकृत नोंद १९६९ साली सुरू झाली. त्याच वर्षाच्या नोव्हेंबरात पनामात रिव्हेराचा जन्म झाला आणि पुढे या नोंदीतला सगळ्यात मोठा आकडा त्याचाच ठरला, ६५२.

पुएर्तो काइमितो हे त्याचं कोळ्यांचं गाव. वडील मासेमारीच्या बोटीवर कप्तान. मुलं खेळायची ती समुद्रकिनाऱ्यावर: जुन्या जाळ्याचा गोळा करून त्यावर टेप गुंडाळली की चेंडू, झाडाची फांदी म्हणजे बॅट आणि दुधाचं रिकामं खोकं घडी घालून केलेला हातमोजा. रिव्हेराने स्वतः काही काळ वडिलांबरोबर बोटीवर काम केलं. १९९०मध्ये यँकीजने त्याला करारबद्ध केलं तेव्हा रक्कम होती दोन-तीन हजार डॉलरच्या घरातली. तोवर तो मुख्यतः पिचर नव्हताच, मैदानात मधल्या फळीत उभा राहणारा खेळाडू होता.

१९९५मध्ये तो मेजर लीगमध्ये, म्हणजे सर्वोच्च स्तरावर, आला तो सुरुवातीचा पिचर म्हणून, आणि चालला नाही. बेसबॉलमध्ये पिचर दर ९ इनिंगमागे किती धावा देतो याची सरासरी काढतात. त्या वर्षी त्याची ती ५.५१ होती, म्हणजे वाईटच. त्याला खालच्या लीगमध्ये परत पाठवलं. खांदा दुखत होता म्हणून पंधरवडाभर विश्रांती दिली आणि परतला तेव्हा १४०-१४५ किलोमीटरच्या आसपास असणारा त्याचा वेग १५०च्या पुढे गेला होता. १९९६मध्ये रिलीव्हर म्हणून त्याने १०७ इनिंगमध्ये १३० बॅटर स्ट्राइकआउट केले, म्हणजे चेंडू धड मारूच न देता बाद केले, आणि यँकीज विजेते ठरले.

कटर आला तो त्याच्या पुढच्या वर्षी, आणि आला तोही न बोलावता. जून १९९७, डेट्रॉइटचं टायगर स्टेडियम. सामन्याआधी तो रामिरो मेंडोसा या आपल्या पनामाच्याच सहकाऱ्याबरोबर नुसती फेकाफेकी करत होता. चेंडू सरळ जाईना. ऐन शेवटी बाजूला सरके आणि मेंडोसाला तो झेलणं अवघड होई. मेंडोसा चिडला, सरळ टाक म्हणाला. रिव्हेरा म्हणाला, मी काहीच करत नाहीये. मग प्रशिक्षक मेल स्टॉटलमायर आणि कॅचर यांनी काही आठवडे खपून तो चेंडू 'दुरुस्त' करायचा प्रयत्न केला. दुरुस्त झाला नाही, तेव्हा सगळ्यांनी नाद सोडला. रिव्हेरा श्रद्धाळू माणूस, तो या चेंडूला देवाची देणगी मानतो. देणगी कुठूनही आलेली असो, ती चालते कशी हे मात्र पाहता येतं.

न्यू जर्सीत राहणाऱ्या भाच्याने आणलेला एक बेसबॉल माझ्या टेबलावर असतो. आपल्या सीझन बॉलपेक्षा तो थोडा हलका, साधारण १४५ ग्रॅम, आणि हाताला किंचित मऊ लागतो. क्रिकेटच्या चेंडूला मध्यावरून सरळ शिवण असते. इथे लाल दोऱ्याची शिवण घोड्याच्या नालासारखी वळणं घेत सगळ्या चेंडूभर फिरते. साधा फास्टबॉल टाकायचा तर तर्जनी आणि मधलं बोट शिवणीवर आडवी ठेवायची, अंगठा खाली. आता हीच पकड ठेवून दोन्ही बोटं चेंडूच्या मध्यापासून जरा एका बाजूला सरकवा आणि सोडताना मधल्या बोटाचा दाब किंचित वाढवा. झाला कटर. फरक इतका बारीक आहे की मी आरशासमोर उभा राहून पाहिलं तरी दोन पकडींमधला बदल मला धड दिसला नाही.

बोटांवरून सुटताना चेंडूला उलटी फिरकी मिळते, मिनिटाला दोन हजारांहून जास्त फेऱ्यांची. चेंडूचा वरचा पृष्ठभाग मागे, म्हणजे समोरून येणाऱ्या हवेच्याच दिशेने फिरतो. त्यामुळे वरच्या अंगाला हवा जास्त वेळ बिलगून राहते, खालच्या अंगाला लवकर सुटते आणि चेंडूमागचा झोत खाली वळतो. चेंडूने हवेला खाली ढकललं की हवा चेंडूला वर ढकलते. याला मॅग्नस परिणाम म्हणतात. फास्टबॉल अपेक्षेपेक्षा कमी खाली येतो तो यामुळेच. आता फिरकीचा आस थोडा तिरपा करा, की ढकलण्याची दिशाही तिरपी होते. उजव्या हाताच्या रिव्हेराचा कटर त्याच्या डावीकडे सरकायचा. तिथे डावखुरा बॅटर उभा असतो, म्हणजे चेंडू थेट त्याच्या मुठींवर चालून यायचा.

पण सरकायचा किती? वितीहूनही कमी. एवढ्याशाने काय होतं, असं वाटेल. म्हणून जरा हिशेब करू.

पिचरची पट्टी ते होम प्लेट, म्हणजे बॅटरजवळची जमिनीतली पाटी, हे अंतर १८.४४ मीटर. पिचर पाऊल पुढे टाकून चेंडू सोडतो, तेव्हा प्रत्यक्षात उरतात १७ मीटरच्या आसपास. १४८ किलोमीटर वेगाने सुटलेला चेंडू ते साधारण ०.४ सेकंदात कापतो. बॅट फिरवायलाच ०.१५ सेकंद लागतात. म्हणजे पहिल्या ०.२५ सेकंदात बॅटरला चेंडू पाहायचा, ओळखायचा, मारायचा की सोडायचा हे ठरवायचं आणि बॅट कुठून न्यायची तेही ठरवायचं. एकदा बॅट फिरू लागली की तिची वाट बदलणं जवळपास अशक्य.

मॅग्नसचा धक्का वाटभर साधारण सारखाच असतो. सारख्या धक्क्याने होणारं सरकणं वेळेच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतं: दुप्पट वेळेत चौपट. समजा चेंडू एकूण १२ सेंटीमीटर सरकणार आहे. निम्मा वेळ उलटला तेव्हा तो सरकला आहे फक्त ३ सेंटीमीटर. बॅटर निर्णय घेतो त्या क्षणी ५ सेंटीमीटरही नाही. उरलेले ७ सेंटीमीटर तो सरकतो ते बॅट निघून गेल्यावर. 'शेवटच्या क्षणी वळला' असं बॅटर म्हणतात ते या अर्थाने खरं आहे. चेंडू अचानक वळत नाही, तो सुरुवातीपासून वळतच असतो. पण त्या वळण्याचा मोठा हिस्सा निर्णयानंतरच्या वेळेत पडतो, आणि तिथे तो कुणालाच वापरता येत नाही. शिवाय शेवटच्या काही फुटांत चेंडू डोळ्यांसमोरून इतक्या वेगाने जातो की नजर त्याच्याबरोबर फिरूच शकत नाही. चेंडूवर शेवटपर्यंत नजर ठेव, हा प्रत्येक प्रशिक्षकाचा उपदेश माणसाच्या डोळ्याला शब्दशः पाळता येत नाही.

मग निदान फिरकी वाचावी? चांगले बॅटर तेही करतात. स्लायडर नावाच्या चेंडूत शिवणी अशा फिरतात की बॅटरला चेंडूवर लाल ठिपका दिसतो, आणि तो सावध होतो. रिव्हेराच्या कटरवर तो ठिपका नसे. त्याची फिरकी सरळ फास्टबॉलसारखीच धुरकट दिसायची, हातही त्याच जागेवरून यायचा. कटर येणार हे ठाऊक असलं तरी तो नेमका किती सरकणार आणि प्लेटच्या कुठल्या कडेवर येणार, हे त्या पाव सेकंदात कळायला काही खूणच उरत नसे. आणि नेमकेपणा तर विलक्षण. १७ मीटरवर एका अंशाची चूक म्हणजे जवळजवळ फूटभर अंतर, आणि प्लेटची रुंदी अवघी ४३ सेंटीमीटर. तरी १,२८३ इनिंगच्या कारकिर्दीत त्याने चार वाईड चेंडूंपोटी बॅटरला फुकट पहिल्या बेसवर जाऊ दिलं ते फक्त २८६ वेळा. मला विचाराल तर वळणापेक्षा ही अचूकताच थोर.

आता लाकूड. बॅटीच्या जाड टोकापासून १५-१७ सेंटीमीटर आत तिचा स्वीट स्पॉट असतो. तिथे चेंडू लागला तर बॅट फारशी थरथरत नाही आणि ऊर्जा चेंडूला परत मिळते. तिथून चेंडू मुठीकडे सरकला की टक्करीच्या त्या एक हजारांश सेकंदात बॅट धनुष्यासारखी वाकते. हाताला झिणझिण्या येतात, चेंडू मेल्यासारखा निघतो, आणि मुठीजवळचं बारीक लाकूड रेषेत चिरतं. क्लेस्कोच्या हातात त्या रात्री जे उरत होतं ते याच सात सेंटीमीटरमुळे.

आणि याच सात सेंटीमीटरने रिव्हेराला त्याची सगळ्यात जिव्हारी लागणारी हारही दिली. ४ नोव्हेंबर २००१, ॲरिझोना, वर्ल्ड सिरीजचा सातवा सामना, नववी इनिंग, २-२ अशी बरोबरी, तिन्ही बेसवर ॲरिझोनाचे धावणारे उभे, एक धाव निघाली की सामना संपला. समोर डावखुरा लुइस गोन्झालेझ. धाव अडवायला यँकीजचे क्षेत्ररक्षक पुढे ओढून घेतलेले. कटर आला, ठरल्याप्रमाणे मुठीत शिरला, बॅटीच्या बारीक भागावर लागला आणि मेलेला चेंडू हवेत तरंगून पुढे आलेल्या क्षेत्ररक्षकांच्या डोक्यावरून जेमतेम पलीकडे पडला. सामना गेला, विजेतेपद गेलं. चेंडूने आपलं काम चोख केलं होतं. क्षेत्ररक्षक नेहमीच्या जागी असते तर तो सोपा झेल होता.

रिलीव्हरच्या कारकिर्दीचा खरा प्रश्न मात्र कोपराचा असतो. फेकताना खांदा आत वळतो तो सेकंदाला ७,००० अंशांच्या वेगाने. त्याच वेगाने तो फिरत राहिला असता तर सेकंदाला १९ फेरे झाले असते. मानवी शरीराच्या मोजल्या गेलेल्या हालचालींत इतकी वेगवान क्वचितच दुसरी असेल. त्या वेळी कोपराच्या आतल्या बाजूला येणारा पीळ सुमारे ६४ न्यूटन-मीटर, म्हणजे कोपरापासून फूटभरावर वीस-बावीस किलोंचं ओझं टांगल्यासारखा. तिथला अस्थिबंध एकटा असता तर साधारण याच्या निम्म्या पिळालाच तुटला असता. भोवतालचे स्नायू ओझं वाटून घेतात म्हणून तो टिकतो, आणि स्नायू दमले की भार त्याच्याकडे जातो. डॉ. फ्रँक जोब यांनी १९७४मध्ये टॉमी जॉन या पिचरचा तुटलेला अस्थिबंध मनगटाकडच्या एका स्नायुबंधाने बदलला. ती शस्त्रक्रिया आजही जॉनच्याच नावाने ओळखली जाते. १९९२मध्ये याच डॉ. जोब यांनी रिव्हेराचं कोपर उघडलं. सुदैवाने अस्थिबंध बदलावा लागला नाही, साफसफाईवर भागलं.

त्याच्या दीर्घायुष्याचं एक कारण मला आकड्यांत दिसतं. त्याचा सहकारी, सुरुवातीचा पिचर अँडी पेटिट, १८ मोसमांत ३,३१६ इनिंग टाकून गेला. रिव्हेराने १९ मोसमांत १,११५ सामने खेळले, पण इनिंग १,२८३. म्हणजे सामन्यागणिक एकाहून थोडी जास्त. अर्थात सगळा ताण त्यात मोजला जात नाही. रिलीव्हरला बुलपेनमध्ये, म्हणजे राखीव पिचरांच्या सरावाच्या जागेत, उठून अंग गरम करावं लागतं, आणि पुष्कळदा मैदानात न जाताच परत बसावं लागतं. इतर कित्येक रिलीव्हरांचे हात चार-पाच वर्षांत संपतात. रिव्हेराची फेक मात्र सैल होती, कुठे झटका नाही, प्रत्येक वेळी हुबेहूब तीच. ३ मे २०१२ला त्याचा मोसम संपला तोही हातामुळे नाही. कॅन्सस सिटीत सरावात झेल घेताना गुडघ्याचा अस्थिबंध फाटला. वय ४२. पुढच्या वर्षी तो परतला आणि त्याने ४४ सेव्ह मिळवले. कारकिर्दीची सरासरी २.२१, आणि बाद फेरीच्या सामन्यांत, जिथे समोर निवडक संघच असतात, ०.७०. २०१९मध्ये हॉल ऑफ फेमसाठी मतदान झालं तेव्हा ४२५ पैकी ४२५ मतं त्याला पडली. अशी एकमताने निवड आधी कुणाचीच झाली नव्हती.

त्या चेंडूचं गुपित त्याने कधी लपवलं नाही. २००८च्या ऑल-स्टार सामन्याच्या वेळी एरवी टोरंटो या प्रतिस्पर्धी संघाकडून खेळणाऱ्या पिचर रॉय हॅलडेने त्याला कटर कसा धरतोस असं विचारलं. रिव्हेराने धरून दाखवला, अंगठा कुठे हवा तेही सांगितलं. हॅलडेने एका चेंडूवर बोटांच्या जागा पेनाने आखून घेतल्या आणि तो चेंडू जवळ बाळगला. यँकीजच्या खेळाडूंना हे कळलं तेव्हा त्यांनी आपसात खटला भरवून रिव्हेराला दंड ठोठावला.