तोंडाला जपणारं औषध कॅन्सरलाही जपतं का?

चंद्रपूर, गडचिरोली, भंडारा या पट्ट्यात पानठेल्यावर पन्नीत घोटलेला तंबाखू-सुपारीचा खर्रा सहज मिळतो, आणि तोंडाच्या कॅन्सरचे पेशंट इथूनच नागपूर-सेवाग्रामला जातात. तिथे रोज एक शेक, म्हणजे रेडिएशन, आठवड्यातून पाच दिवस, सहा-सात आठवडे. दोन-तीन आठवड्यांत तोंड येतं. गालाच्या आतली कातडी सोलवटते, तिच्यावर पांढरट थर धरतो, मीठ झोंबतं, घरून डब्यात आलेलं पातळ वरणही गिळवत नाही. मग नातेवाईक हळूच विचारतात, "साहेब, तोंडाचं औषध घेतलं त कॅन्सरवरचं औषध कमजोर त नाही पडत ना?"

प्रश्न अगदी रास्त आहे. किमो आणि शेक झपाट्यानं वाढणाऱ्या पेशींना मारतात. तोंडाचं अस्तरही सतत नवं होत असतं, म्हणून ते होरपळतं. आणि तोंडाचा कॅन्सर बहुतेकदा याच अस्तरातून उगवलेला असतो. कपाशीला टाकलेलं खत तणही खातं, भीती नेमकी तीच.

पॅलिफर्मिन या औषधाबाबत ही भीती सर्वांत जास्त होती, कारण ते अस्तराच्या पेशींना वाढायलाच सांगतं. अमेरिकेत 2004 मध्ये त्याला मंजुरी मिळाली ती रक्ताच्या कॅन्सरसाठी. तिथे गाठ अस्तराची नसते. जबर उपचार घेणाऱ्या त्या पेशंटांमध्ये तोंड फार वाईट येण्याचं प्रमाण 98 टक्क्यांवरून 63 टक्क्यांवर आलं. डोक्या-मानेच्या कॅन्सरवरचे दोन अभ्यास 2011 मध्ये प्रसिद्ध झाले. त्यांतही तोंड कमी आलं, आणि औषध घेणाऱ्यांचं आयुष्य घटल्याचं दिसलं नाही. तरीही डोक्या-मानेच्या कॅन्सरला डॉक्टर ते सरसकट वापरत नाहीत, आणि ही सावधगिरी मला योग्य वाटते.

मला खरी काळजी वाटते ती दुकानातून परस्पर आणलेल्या व्हिटॅमिनच्या गोळ्यांची. कॅनडात शेक घेणाऱ्या 540 पेशंटांवर अभ्यास झाला. त्यांतल्या निम्म्यांना व्हिटॅमिन ई मोठ्या डोसमध्ये दिलं, सुरुवातीला बीटा कॅरोटीनही दिलं. त्यांना शेकाचा त्रास कमी झाला. पण पुढे त्याच गटात मृत्यू जास्त झाले. शेक कॅन्सरच्या पेशी मारतो तो बऱ्याच अंशी ऑक्सिजनच्या मारक कणांच्या जोरावर, आणि या गोळ्या तेच कण विझवतात. "व्हिटॅमिनच तर आहे" म्हणून घेतलेली गोळी अशी महागात पडू शकते.

बर्फाचं तसं नाही. आतड्याच्या कॅन्सरला फ्लुरोयुरासिल हे किमोचं औषध झटक्यात शिरेतून देताना अर्धा तास बर्फाचे तुकडे चघळले, की तोंडातल्या रक्तवाहिन्या आकसतात आणि औषध तिथे कमी पोचतं. पोटातल्या गाठीला तो बर्फ वाचवत नाही. मात्र सोबत ऑक्झालिप्लॅटिन हे किमोचं दुसरं औषध चालू असेल तर बर्फ नको, थंडीनं घसा आवळतो.

दुसरी बाजूही तेवढीच मोठी आहे. तोंड आलं म्हणून पेशंट घरी बसला, शेक चुकले, की वाचलेल्या कॅन्सर पेशी जोमानं वाढू लागतात, विशेषतः चौथ्या आठवड्यानंतर. एकेका बुडालेल्या दिवसामागे गाठ आटोक्यात राहण्याची शक्यता साधारण एक टक्क्यानं घटते. म्हणून मीठ-सोड्याच्या गुळण्या, डॉक्टरांनी दिलेलं बेंझिडामिनचं पाणी आणि दुखण्याचं औषध बिनधास्त घ्यावं. खर्रा पूर्ण बंद. दुखणं वाढलं तर शेक चुकवण्याआधी दवाखान्यात फोन करावा. डॉक्टर दुखण्याचं औषध वाढवतात, गरज पडली तर नाकातून नळी टाकून पोटात अन्न देतात, आणि शेक चालू ठेवतात.