शाश्वत पर्यटन : आंतरराष्ट्रीय संस्थांचे कार्य आणि कोल्हापूर जिल्हा

पर्यटनाचे आजचे आणि पुढचे आर्थिक, सामाजिक व पर्यावरणीय परिणाम ध्यानात घेऊन पाहुणे, व्यावसायिक, निसर्ग आणि यजमान गाव या सर्वांच्या गरजा सांभाळणारे पर्यटन म्हणजे शाश्वत पर्यटन. संयुक्त राष्ट्रांचा पर्यावरण कार्यक्रम आणि जागतिक पर्यटन संघटना यांनी २००५ मध्ये मांडलेल्या व्याख्येचा हा आशय. कोल्हापूर जिल्ह्यात युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीतील दोन ठळक ठिकाणे आहेत : राधानगरी अभयारण्य (२०१२) आणि पन्हाळगड (२०२५). त्यामुळे माद्रिदमधली जागतिक पर्यटन संघटना, पॅरिसमधली युनेस्को अशा संस्था नेमके काय करतात आणि काय करू शकत नाहीत, हे समजून घेणे इथल्या ग्रामपंचायतींना आणि नगरपरिषदांनाही भाग पडले आहे.

जागतिक पर्यटन संघटना. या क्षेत्रातली मुख्य संस्था हीच. तिचे मुख्यालय माद्रिदला आहे. तिची घटना २७ सप्टेंबर १९७० रोजी मंजूर झाली आणि त्या तारखेची आठवण म्हणून १९८० पासून जागतिक पर्यटन दिन पाळला जातो. २००३ मध्ये तिला संयुक्त राष्ट्रांच्या विशेष संस्थेचा दर्जा मिळाला आणि २०२४ पासून ती ‘यूएन टुरिझम’ या नावाने ओळखली जाते. १९९९ मध्ये चिलीतील सँटियागो येथे तिने पर्यटनाची जागतिक नीतिसंहिता स्वीकारली. ही संहिता ऐच्छिक आहे. २००२ हे पारिस्थितिक पर्यटनाचे (इको-टुरिझमचे) आणि २०१७ हे विकासासाठी शाश्वत पर्यटनाचे आंतरराष्ट्रीय वर्ष म्हणून पाळले गेले. संयुक्त राष्ट्रांच्या शाश्वत विकास उद्दिष्टांतही (८.९, १२.ब आणि १४.७) पर्यटनाचा उल्लेख आहे. २०२१ च्या ग्लासगो जाहीरनाम्यात सही करणाऱ्यांनी पर्यटनातले कार्बन उत्सर्जन २०३० पर्यंत निम्म्यावर आणण्याचे मान्य केले. एकूण, जाहीरनाम्यांचा या क्षेत्रात तुटवडा नाही.

निकष आणि प्रमाणपत्रे. ‘इको’ हा शब्द पाटीवर रंगवायला कुणाची परवानगी लागत नाही. हा सुळसुळाट आवरण्यासाठी २००८ मध्ये जागतिक शाश्वत पर्यटन निकष जाहीर झाले आणि पुढे ते सांभाळण्यासाठी जागतिक शाश्वत पर्यटन परिषद स्थापन झाली. व्यवस्थापन, स्थानिकांचा आर्थिक-सामाजिक लाभ, संस्कृती आणि पर्यावरण असे या निकषांचे चार गट आहेत. परिषद स्वतः हॉटेलांना प्रमाणपत्र देत नाही, तर प्रमाणपत्र देणाऱ्या संस्थांना मान्यता देते. भारत सरकारनेही याच धर्तीवर देशासाठी निकष तयार केले. कोल्हापुरात मात्र मुक्काम मुख्यतः यात्री निवास, धर्मशाळा, लहान लॉज आणि घरगुती खानावळीत होतो. त्यांना तपासणीचा खर्च आणि कागदपत्रांचा व्याप परवडणारा नाही. सांडपाणी कुठे जाते, कचरा कोण उचलतो, कामाला गावातली माणसे आहेत का, हे निकषांतले प्रश्न प्रमाणपत्राशिवायही विचारता येतात आणि त्यांचा खरा उपयोग तिथेच आहे.

कर्ज आणि बांधकाम. विकास बँकांचा मार्ग वेगळा. त्या निकष सांगून थांबत नाहीत, कर्जही देतात. महाराष्ट्रातले ठळक उदाहरण अजिंठा-वेरूळचे. जपानच्या कर्जसाहाय्यातून तिथे १९९२ पासून दोन टप्प्यांत रस्ते, पाणीपुरवठा, वनीकरण आणि लेण्यांच्या जतनाची कामे झाली. अजिंठ्याला खासगी गाड्या लेण्यांपासून काही किलोमीटर अलीकडे थांबवून पुढे बसने नेण्याची पद्धत सुरू झाली, हा त्यातला सर्वांत दिसणारा बदल. पन्हाळ्यावर गाड्या आजही थेट गडात जातात आणि सुट्टीच्या दिवशी गडावर वाहनांची कोंडी होते. अजिंठ्याच्या अनुभवातून कोल्हापूरला उचलण्यासारखी एकच गोष्ट निवडायची तर ती ही.

युनेस्को आणि राधानगरी. १९७२ च्या जागतिक वारसा करारात भारत १९७७ मध्ये सामील झाला. या करारानुसार नैसर्गिक स्थळांबाबत आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघ आणि सांस्कृतिक स्थळांबाबत इकोमॉस ही स्मारकांच्या जतनासाठीची आंतरराष्ट्रीय संस्था सल्ला देते. अंतिम निर्णय सदस्य देशांच्या समितीचा असतो आणि समिती सल्ला मानतेच असे नाही. पश्चिम घाटाच्या बाबतीत तेच घडले. निसर्ग संवर्धन संघाने प्रस्ताव पुढे ढकलण्याची शिफारस केली होती, तरीही २०१२ मध्ये सेंट पीटर्सबर्गच्या बैठकीत चार राज्यांतील ३९ ठिकाणांना मान्यता मिळाली. महाराष्ट्राच्या वाट्याला त्यातली चार आली : कास पठार, कोयना, चांदोली आणि राधानगरी. पुढे याच संघाने २०२० च्या आढाव्यात पश्चिम घाटाची स्थिती ‘लक्षणीय चिंतेची’ असल्याचे नोंदवले.

राधानगरीचा इतिहास युनेस्कोहून जुना आहे. दाजीपूरचे जंगल कोल्हापूरच्या छत्रपतींचे शिकारीचे राखीव रान होते. १९५८ मध्ये ते गव्यांसाठी अभयारण्य झाले आणि १९८५ मध्ये त्याचा विस्तार होऊन क्षेत्र सुमारे ३५१ चौ. किमी. झाले. एका अंगाला राधानगरीचे, तर दुसऱ्या अंगाला काळम्मावाडीचे धरण आहे. म्हणजे हे रान टिकणे हा जिल्ह्याच्या पाण्याचाही प्रश्न आहे. जंगलात कोणी, कधी, कोणत्या गाडीने जायचे हे वन्यजीव संरक्षण कायद्याखाली वनविभाग ठरवतो आणि पावसाळ्यात जंगल पर्यटकांसाठी बंद असते. युनेस्कोचा एकही माणूस दाजीपूरच्या फाटकावर उभा नसतो.

अलीकडच्या काळात मे-जूनमध्ये काजवे पाहायला राधानगरी परिसरात गर्दी होऊ लागली आहे. काजव्याची लुकलुक हा नर-मादीमधला संवाद असतो. गाड्यांचे दिवे, मोबाईलचे टॉर्च आणि फ्लॅश यांनी त्यात व्यत्यय येतो आणि पुढच्या वर्षीची पैदास घटू शकते. पाहुणे जे पाहायला येतात तेच त्यांच्या येण्याने विरळ व्हावे, हा पर्यटनातला जुना पेच इथे एका रात्रीत डोळ्यांपुढे दिसतो. शेजारच्या सातारा जिल्ह्यात कासवर फुलांच्या हंगामात ऑनलाइन नोंदणी आणि रोजच्या प्रवेशसंख्येवर मर्यादा आली. ती वनविभाग आणि आसपासच्या गावांच्या समितीने आणली. वारसा दर्जामुळे गर्दी वाढली हेही खरे आणि त्याच दर्जामुळे मर्यादा घालायला बळ मिळाले हेही खरे.

पन्हाळा. जुलै २०२५ मध्ये पॅरिसच्या बैठकीत ‘भारताचे मराठा लष्करी भूप्रदेश’ या नावाने बारा किल्ले यादीत आले. त्यांपैकी अकरा महाराष्ट्रातले, तर जिंजी तामिळनाडूतला. शिलाहार राजा दुसरा भोज याच्या काळापासूनचा, १६६० मध्ये सिद्दी जौहरच्या वेढ्यातून शिवाजी महाराज निसटले तो आणि १७८२ पर्यंत करवीर राज्याची राजधानी राहिलेला पन्हाळा त्यात आहे. पण इतर अनेक गडांसारखा तो ओसाड नाही. गडावर नगरपरिषद आहे, शाळा आहे, तालुक्याची कार्यालये आहेत, पिढ्यान्पिढ्या राहणारी कुटुंबे आहेत आणि झुणका-भाकर विकून घर चालवणाऱ्या बायका आहेत.

म्हणूनच नामांकनाची चर्चा सुरू झाली तेव्हा ‘आता घर दुरुस्त करायलाही परवानगी मिळणार नाही’ ही धास्ती गडावर होती. त्यात दोन गोष्टींची गल्लत होते. संरक्षित स्मारकापासून १०० मीटरपर्यंत नव्या बांधकामाला मनाई आणि त्यापुढे २०० मीटर नियंत्रित क्षेत्र, हा नियम भारतीय पुरातत्त्व कायद्यातला आहे. २०१० च्या दुरुस्तीने तो अधिक कडक झाला. युनेस्कोला घर पाडण्याचा वा परवाना नाकारण्याचा अधिकार नाही. तिची अपेक्षा असते ती व्यवस्थापन आराखडा, स्थळाभोवतीचे संरक्षक क्षेत्र, ठरावीक कालावधीने अहवाल आणि मोठ्या प्रकल्पांची आगाऊ सूचना यांची. तरी स्थानिकांची धास्ती अगदीच निराधार म्हणता येणार नाही, कारण आराखडे बहुधा मुंबई-दिल्लीत ठरतात आणि गडावरच्या माणसाला ते अखेरीस कळतात. निकषांत ‘स्थानिकांचा सहभाग’ हे कलम असतेच. अडते ते अंमलबजावणीत.

युनेस्कोच्या हातातले शस्त्र म्हणजे नामुष्की. तुंगभद्रेवरच्या पुलांच्या वादातून हंपी १९९९ मध्ये ‘धोक्यातील वारसा’ यादीत गेले आणि २००६ मध्ये बाहेर आले. जर्मनीतील ड्रेस्डेनच्या एल्बे खोऱ्याचा दर्जा नव्या पुलामुळे २००९ मध्ये काढून घेतला गेला, तर लिव्हरपूलच्या बंदराचा २०२१ मध्ये. पन्हाळ्याच्या बाबतीत एक अडचण अशी की नामांकन बारा गडांचे एकत्र आहे. त्यामुळे एका गडावरची हयगय साऱ्या मालिकेला भोवू शकते.

हस्तकला. कोल्हापूरच्या चप्पल लाइनवर, म्हणजे चपलांच्या बाजारात, खरेदी केल्याशिवाय पाहुणा सहसा परतत नाही. कोल्हापुरी चपलेला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन (जीआय), म्हणजे ठरावीक प्रदेशातल्या वस्तूच्या नावाला कायद्याचे संरक्षण, मिळाले. ते महाराष्ट्र आणि कर्नाटकातील प्रत्येकी चार जिल्ह्यांचे आहे. या मानांकनाचा कायदा (१९९९) भारताने जागतिक व्यापार संघटनेच्या बौद्धिक संपदा करारामुळे केला. मानांकनाचे संरक्षण देशाच्या हद्दीपुरते असते. २०२५ मध्ये मिलानच्या फॅशन शोमध्ये प्राडा या इटालियन फॅशन कंपनीने तशाच चपला दाखवल्या तेव्हा ही मर्यादा उघड झाली. टीकेनंतर कंपनीने प्रेरणा भारतीय पारंपरिक चपलेची असल्याचे मान्य केले.

मोजमाप. १९५० मध्ये जगात परदेशी पर्यटकांच्या सुमारे अडीच कोटी भेटी नोंदल्या गेल्या, तर २०१९ मध्ये १४६ कोटी. २०२० मध्ये हा आकडा ४० कोटींच्या आसपास घसरला आणि २०२४ पर्यंत पुन्हा १४० कोटींवर पोहोचला. आंतरराष्ट्रीय संस्थांची चर्चा बरीचशी या आकड्यांभोवती फिरते. कोल्हापूरची गर्दी त्यात जवळजवळ दिसतच नाही. अंबाबाईच्या नवरात्राला, जोतिबाच्या चैत्र यात्रेला आणि नृसिंहवाडीला येणारे भाविक देशांतर्गत असतात. पहाटे दर्शन, दुपारी पन्हाळा, संध्याकाळी रंकाळ्यावर भेळ आणि रात्री परतीची एसटी, असा अनेकांचा क्रम असतो. संयुक्त राष्ट्रांच्या व्याख्येत मुक्काम न करणारा माणूस ‘पर्यटक’ नसून ‘एकदिवसीय अभ्यागत’ ठरतो. पाणी, कचरा आणि वाहनतळ यांवरचा त्याचा भार मात्र खराच असतो.

ही उणीव काही अंशी भरून काढणारी सांख्यिकी चौकट संयुक्त राष्ट्रांच्या सांख्यिकी आयोगाने २०२४ मध्ये स्वीकारली. तीत पर्यटनाच्या उत्पन्नाबरोबर पाणी, ऊर्जा, कचरा आणि रोजगाराचा दर्जा यांची मोजदाद धरली आहे आणि ती स्थानिक पातळीवरही वापरता येते. कोल्हापुरात त्यासाठीचा कच्चा माल आहे : देवस्थानकडची भाविकांची मोजणी, वनविभागाची प्रवेश तिकिटे, पन्हाळ्याच्या नाक्यावरच्या प्रवासी कराच्या पावत्या, महापालिकेच्या पाणी व कचरा विभागाच्या नोंदी. यातली प्रत्येक नोंद वेगळ्या कारणासाठी ठेवली जाते आणि वेगळ्या कार्यालयात राहते.