तळ्यावरचं मेलेलं बदक आणि तीनशे नमुन्यांचं गणित

थंडी पडली की बेळगाव जिल्ह्यात घटप्रभेवरच्या धुपदाळ बंधाऱ्याच्या पाण्यावर कांड्या करकोचे उतरतात. तलवार बदकं, थापटे येतात. मागोमाग प्रश्न येतो: या बदकांचे नमुने घेऊन बर्ड फ्लू आहे की नाही ते तपासून का टाकत नाहीत?

तपासावं, पण आधी गणित मांडावं. समजा, मोठ्या थव्यात शंभरात एका पक्ष्याच्या अंगात विषाणू आहे. त्यातला एक तरी हाती लागेल याची ९५ टक्के खात्री हवी, तर सुमारे ३०० पक्ष्यांचे नमुने लागतात. दहात एक बाधित असेल तर २९ पुरतात. म्हणजे ३० धडधाकट बदकं निगेटिव्ह निघाली तर लागण फार पसरलेली नाही, एवढंच म्हणता येतं. त्यातून काही जातींची बदकं विषाणू बाळगूनही खुशाल पोहत असतात आणि तो विष्ठेतून थोडेच दिवस बाहेर टाकतात. म्हणून निगराणीत मेलेल्या आणि आजारी पक्ष्याला जास्त मोल आहे.

मागच्या घटनांतही हेच दिसतं. डिसेंबर २०२० च्या अखेरीस हिमाचलच्या पोंग धरणावर पट्टकदंब हंस मरू लागले. त्याच हिवाळ्यात इंदूर आणि झालावाडला कावळे मेले. जानेवारी २०२५ मध्ये उदगीरलाही सुगावा कावळ्यांनीच दिला. आपल्याकडेही तळ्याइतकंच लक्ष चिकन दुकानांच्या मागच्या उकिरड्यावर हवं. तिथे कावळा रोज जेवायला असतो आणि करकोच्यासारखा मार्चमध्ये निघूनही जात नाही.

पण पक्षी मेले म्हणजे फ्लूच, असंही नाही. नोव्हेंबर २०१९ मध्ये सांभर सरोवरावर हजारो पक्षी मेले ते बोटुलिझमने, म्हणजे जिवाणूच्या विषाने. त्यात मान आणि पंख लुळे पडतात. फ्लूमध्ये मान पिळवटते, पक्षी गोल फिरतो, थरथरतो. पण मानमोडी म्हणजे राणीखेत रोगातही मान अशीच वळते. एकाच शेताकडेला, गळ्याच्या पिशवीत दाणे भरलेले पक्षी पडले असतील तर आधी कीटकनाशकाचा संशय घ्यावा. नुसत्या लक्षणांवरून निदान सांगणाऱ्याच्या नादी लागू नये.

नमुना पशुवैद्यकीय पथकच घेतं: एन-९५ मास्क, चष्मा, हातमोजे, गमबूट घालून. पक्षी जितका ताजा तितकं बरं; उन्हात पडलेलं शव दुपारपर्यंत सडू लागतं. स्वॅब दोन घ्यायचे, एक घशातून आणि एक गुदद्वारातून. काडी प्लास्टिकची आणि टोक पॉलिएस्टरचं असावं. लाकडी काडी आणि कापूस पीसीआर चाचणीत, म्हणजे विषाणूचा जनुकीय अंश शोधणाऱ्या चाचणीत, अडथळा आणू शकतात. टोक दीड-दोन मिलिलिटर वाहक द्रावणाच्या कुपीत बुडवून काडी तिथेच मोडायची आणि झाकण घट्ट लावायचं. कुपी, तिच्याभोवती द्रव शोषणारा कागद, मग न गळणारा डबा आणि बाहेर बर्फाच्या पिशव्या असलेली पेटी. ४ अंशाला नमुना साधारण दोन दिवस टिकतो. उशीर होणार असेल तर उणे ७० अंश लागतात. घरगुती फ्रीजचा बर्फाचा कप्पा उणे २० च्या आसपासच असतो. विषाणू जिवंत राखायला तो कामाचा नाही.

सगळ्यात जास्त घोळ लेबलवर होतो. ‘पक्षी – १’ असं लिहिलेली कुपी प्रयोगशाळेत पोचली तर तो कावळा होता की पारवा, कोण सांगणार? जात, तारीख, वेळ, नेमकी जागा, किती मेले आणि आसपास किती जिवंत होते, एवढं हवंच. शिवाय आपल्या भागात एकाच पक्ष्याचं नाव मराठीत वेगळं, कन्नडमध्ये वेगळं. म्हणून सोबत फोटो जोडावा. प्रयोगशाळेत आधी इन्फ्लुएंझा ‘ए’ (बर्ड फ्लूचे विषाणू ज्या गटात येतात तो) आहे का ते पाहतात, मग त्यातले एच५, एच७, एच९ असे प्रकार. अंतिम शिक्कामोर्तब भोपाळच्या राष्ट्रीय पशुरोग संस्थेत होतं.

परतताना बुटांवर थेट औषध ओतणं व्यर्थ. चिखल क्लोरीन खाऊन टाकतो. आधी ब्रशने साबण-पाण्यात घासावं, मग १ टक्का हायपोक्लोराइट, म्हणजे क्लोरीनचं जंतुनाशक, लावावं. बाजारातलं द्रावण ५ टक्क्यांचं असेल तर एक भाग त्याचा, चार भाग पाणी.

रोग कोंबड्यांत आढळला तर १ किलोमीटरचा बाधित भाग आणि त्याबाहेर १० किलोमीटरपर्यंत निगराणी ठरते. रानपक्ष्यांची कत्तल करत नाहीत. बिथरलेला थवा विषाणू आणखी दूर नेईल. कर्नाटकाच्या सीमेवरच्या कोगनोळीजवळ मध्य धरून असं वर्तुळ काढलं, तर त्याचा मोठा भाग कागल तालुक्यात जातो, म्हणजे महाराष्ट्रात. तेव्हा पलीकडच्या पशुवैद्यकीय अधिकाऱ्याचा नंबर हंगामाआधीच जवळ हवा.

गावकऱ्यांनी मेलेल्या पक्ष्याला हात लावू नये. लांबून फोटो काढावा आणि जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्याला कळवावं. पक्षीनिरीक्षकांनी दर आठवड्याला ठरल्या वारी, त्याच वाटेने फेरी मारावी आणि जातवार जिवंत-मृत आकडे लिहावेत. एकही मेलेला दिसला नाही तर ‘०’ लिहावा. रकाना कोरा राहिला तर त्या दिवशी पक्षी मेले नव्हते की कुणी गेलंच नव्हतं, हे नंतर कळत नाही.