क्ले बार फक्त उंचवटेच का काढते?

गाडी शाम्पूने धुऊन, पुसून चमकायला लागली की ती स्वच्छ झाली असे आपण धरून चालतो. हा समज तपासायला एक पातळ प्लास्टिकची पिशवी पुरते. पिशवीत हात घाला आणि धुतलेल्या बॉनेटवरून बोटांची टोके हलकेच फिरवा. डोळ्यांना गुळगुळीत दिसणारा रंग बोटांना खरखरीत लागण्याची दाट शक्यता आहे. उघडे बोट रंगावर अडखळत सरकते आणि त्या ओढीत बारीक खरखर हरवून जाते. मध्ये पिशवी आली की घर्षण कमी होते आणि खरखर तेवढी जाणवते. स्वीडनमधल्या केटीएच तंत्रज्ञान विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१३ मध्ये दाखवले, की सुमारे १३ नॅनोमीटर उंचीच्या सुरकुत्यासुद्धा माणूस स्पर्शाने ओळखू शकतो. रंगावरचे खडे याच्या हजारपट मोठे असू शकतात, मग ते बोटातून निसटतील कसे?

हे खडे येतात कुठून? डांबराचे शिंतोडे, झाडांचा चीक, कुठेतरी चाललेल्या रंगकामाचे हवेत उडालेले थेंब, आणि सगळ्यांत चिवट म्हणजे लोखंडाचे कण. ब्रेक लावला की पॅड आणि कास्ट आयर्नची डिस्क एकमेकांवर झिजतात आणि तापलेले सूक्ष्म कण हवेत उडतात. ते रंगावर बसतात, ओलावा मिळाला की गंजतात. गंज मूळ लोखंडाच्या किमान दुप्पट जागा घेतो, त्यामुळे कण फुगतो आणि आपल्या खाचेत घट्ट रुतून बसतो. शाम्पूतले रेणू सुटी धूळ आणि तेलकटपणा उचलतात. असा रुतलेला कण उपटण्याइतके बळ त्यांच्याकडे नसते.

इथे क्ले बार, म्हणजे धुतलेल्या गाडीच्या रंगावरून फिरवायची वडी, कामी येते. तिच्यात जमिनीतली माती नसते. पॉलिब्युटीनसारखे मऊ, चिकट पॉलिमर आणि त्यात मिसळलेली अतिशय बारीक घर्षक पूड, असा हा मळता येणारा गोळा असतो. जपानी संशोधक तादाओ कोदाते यांना १९९८ मध्ये अशा पदार्थाचे अमेरिकी पेटंट मिळाले. त्यात त्याचे वर्णन प्लास्टिकचा लवचीक घासदगड असे आहे, आणि सगळी गंमत त्या लवचीकपणात आहे.

गाडीच्या रंगावरचा पारदर्शक थर, म्हणजे क्लिअर कोट, साधारण ४० ते ५० मायक्रॉन जाडीचा असतो. माणसाचा केस बहुधा याहून जाड भरेल. एवढ्या पातळ थरावर घर्षक पूड फिरवायची आणि थराला मात्र धक्का लावायचा नाही, हे जमते कसे?

आधी दाब पाहू. ५ सेंटिमीटर लांब-रुंद क्लेवर एक किलो वजनाइतका जोर दिला, तर तो २५ चौरस सेंटिमीटरांवर विभागला जातो. दाब भरतो सुमारे ४ किलोपास्कल, म्हणजे वातावरणाच्या दाबाचा जेमतेम पंचविसावा भाग. शिवाय घर्षक कण मऊ पॉलिमरमध्ये बसवलेले असल्याने सपाट जागी ते मागे सरतात, रंगात घुसत नाहीत. त्यात भर म्हणून क्ले फिरवताना रंगावर साबणाचे पाणी किंवा तिच्यासाठीचे वंगण फवारलेले असते. भरधाव गाडीचे टायर साचलेल्या पाण्यावर उचलले जाऊन तरंगतात, तशीच क्ले या पातळ थरावर तरंगत सरकते. सपाट रंगाशी तिचा संबंध जवळपास येतच नाही. जो कण या थरातून डोके वर काढतो, तोच तिला भेटतो, आणि तिथे दाब एका बिंदूवर एकवटतो.

पण मऊ क्ले त्या कणाभोवतीने वाहून पुढे का जात नाही? मला या विषयात सगळ्यांत सुंदर वाटते ते याचे उत्तर. क्ले हा विष्यंदी-प्रत्यास्थ पदार्थ आहे: सावकाश दाबली तर द्रवासारखी वाहते, झटक्यात दाबली तर घन पदार्थासारखी अडून राहते. पदार्थाला आतला ताण सैल करायला लागणारा काळ भागिले त्याच्यावर क्रिया घडण्याचा काळ, या गुणोत्तराला डेबोरा संख्या म्हणतात; मार्कस रायनर यांनी ती १९६४ मध्ये मांडली. ती एकाहून बरीच लहान असेल तर पदार्थ वाहतो, बरीच मोठी असेल तर घनासारखा वागतो. आता आकडे घाला. हात सेकंदाला २० सेंटिमीटर वेगाने फिरतो आहे आणि कण ५० मायक्रॉनचा आहे. क्ले तो कण ओलांडते पाव मिलिसेकंदात. मळताना तिला सेकंदच्या सेकंद मिळतात, इथे सेकंदाचा चार-हजारावा भाग. एवढ्यात वाहायला वेळच नाही! म्हणून हातात लोण्याइतकी मऊ असलेली तीच क्ले कणाला घन कडेसारखी बाजूने ढकलते, उखडते, आणि मागून येणाऱ्या चिकट अंगात त्याला रुतवून घेते.

हे समजले की काही जाहिरातींतला फोलपणा आपोआप दिसतो. क्ले ओरखडे घालवते, हा दावा चुकीचा आहे. ओरखडा म्हणजे खड्डा, आणि क्ले काम करते उंचवट्यांवर. ओरखड्यासाठी पॉलिशने भोवतीचा थर झिजवावा लागतो. क्लेने रंगाची छिद्रे मोकळी होतात आणि तो श्वास घेऊ लागतो, असेही ठासून सांगितले जाते. क्लिअर कोट हे जाळीबद्ध झालेले, म्हणजे रेणूंच्या साखळ्या एकमेकींना जोडल्या गेलेले, निर्जीव पॉलिमर आहे. ते श्वास घेत नाही, आणि त्याने घेऊही नये, कारण हवा-पाणी अडवणे हेच त्याचे काम आहे.

लोखंडी कण फार असतील तर आधी आयर्न रिमूव्हर, म्हणजे थायोग्लायकोलेट हे रसायन असलेले लोखंड काढायचे द्रावण, वापरावे. ते लोहाशी संयोग पावून जांभळे होते आणि बरेचसे कण रसायनानेच सुटतात. क्लेला घासावे कमी लागते. क्ले सावलीत, थंड पत्र्यावर, सरळ रेषेत फिरवावी आणि मळकी बाजू दिसली की घडी घालून आत घ्यावी. जमिनीवर पडली तर सरळ फेकून द्यावी, कारण तिच्यात घुसलेली वाळू मागे सरणारी नसते. काम झाल्यावर नवे वॅक्स लावावे लागते. जुने क्लेबरोबर बहुतेक निघून जाते.

आणि मॅट रंगावर क्ले फिरवू नये. तो मंद दिसतो ते त्याचा पृष्ठभाग मुद्दाम सूक्ष्म उंचसखल ठेवल्यामुळे. त्यावर पडलेला प्रकाश सगळीकडे विखुरतो. बसलेला कण आणि रंगाचा स्वतःचा उंचवटा यांतला फरक क्लेला कळत नाही. ती दोन्ही घासते, आणि तिथे चकाकणारे डाग उरतात. पॉलिशने ते जात नाहीत, उलट अधिक चकाकतात.