गाळात रुतलेले बंदर: मकाव

मकाव म्हटले की कॅसिनो डोळ्यांपुढे येतात. एका भरभराटीच्या बंदरावर जुगाराच्या महसुलावर जगायची वेळ का आली, याचे उत्तर बरेचसे तिथल्या समुद्रतळाच्या चिखलात सापडते.

दक्षिण चीनमध्ये पर्ल नदीच्या मुखाशी, पश्चिम काठावर हे चिमुकले द्वीपकल्प आहे. पोर्तुगीज 1557 च्या सुमारास इथे स्थिरावले, तेही जिंकून नव्हे. चिनी अधिकाऱ्यांना ते वर्षाला 500 तैल (वजनाचे चिनी माप) चांदी भाडे भरत आणि ते थेट 1849 पर्यंत चालू होते. कारभार 1844 पर्यंत गोव्याच्या हाताखाली होता.

सुरुवातीचा धंदा वाऱ्यांवर बेतलेला होता. एप्रिल-मेमध्ये गोव्याहून सुटलेले जहाज मलाक्कामार्गे, नैर्ऋत्य मोसमी वारा पाठीशी घेऊन जून ते ऑगस्टच्या दरम्यान मकावला लागे. रेशमाची खरेदी कँटन (आजचे ग्वांगझू) या चिनी शहराच्या जत्रेत व्हायची. तोवर मोसम हुकलेला असल्याने जहाज पुढच्या वर्षाच्या वाऱ्याची वाट बघत तिथेच नांगरून पडे आणि मगच नागासाकी गाठे. चीनच्या मिंग राजघराण्याच्या दरबाराची जपानशी थेट व्यापाराला बंदी होती, शिवाय चीनमध्ये चांदीला जपानपेक्षा चढा भाव होता. रेशीम द्यायचे, चांदी आणायची, मधला नफा खिशात. 1639 मध्ये जपानने पोर्तुगिजांना हाकलले. पुढच्या वर्षी मनधरणीला गेलेल्यांपैकी 61 जणांची मुंडकी उडवली, तेव्हा हा मार्ग कायमचा संपला.

गाळ मात्र थांबला नाही. नदीच्या गोड्या पाण्यात चिकणमातीचे बारीक कण ऋणभारित असल्याने एकमेकांना दूर ढकलतात आणि तरंगत राहतात. खारे पाणी मिसळले की मिठातले आयन (विद्युतभारित कण) हा भार झाकतात, कण चिकटून त्यांचे गोळे होतात आणि भरती-ओहोटीच्या मधल्या संथ पाण्यात खाली बसतात. पृथ्वीच्या परिवलनामुळे उत्तर गोलार्धात समुद्राकडे वाहणारे पाणी उजवीकडे वळते. इथे पाणी दक्षिणेकडे वाहते, म्हणून उजवीकडे म्हणजे पश्चिमेला, नेमके मकावच्या अंगावर. त्यातच पर्ल नदीच्या फाट्यांपैकी सर्वाधिक गाळ आणणाऱ्या शी नदीचे एक मोठे मुख शेजारीच आहे. गाळ उपसून खोल चर काढला तरी चरात पाण्याचा वेग मंदावतो, म्हणून तो आजूबाजूच्या तळापेक्षा लवकर भरतो. 1920 च्या दशकात मोठा खर्च करून बाहेरचे नवे बंदर बांधले, पण मोठी जहाजे फारशी फिरकलीच नाहीत.

ती कुठे जात होती? पूर्वेला सुमारे 60 किलोमीटरवर. 1841 मध्ये ब्रिटिशांनी हाँगकाँग घेतले; तिथे पाणी खोल, गाळ कमी. मकावच्या वाट्याला मग इतरांनी नाकारलेले धंदे आले. करारबद्ध मजुरांची निर्यात हा त्यातला सर्वांत काळा. तो 1874 मध्ये बंद पडला. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर जुगाराला परवाने मिळाले आणि तिजोरी त्यावर चालू लागली.

ज्या उथळपणाने बंदर बुडवले, त्यानेच भराव मात्र सोपा केला. 1912 मध्ये 11.6 चौरस किलोमीटर असलेले मकाव आज सुमारे 33 आहे. आजचा कोताई हा कॅसिनोंचा भाग तर ताइपा आणि कोलोआन या दोन बेटांमधली खाडी बुजवूनच तयार झाला. 1999 मध्ये प्रदेश चीनकडे परत गेला.

मकावचे पिण्याचे गोडे पाणी जवळजवळ सगळे शेजारच्या झुहाई या चिनी शहरातून येते. हिवाळ्यात नदी आटली की भरतीचे खारे पाणी मुखातून आत घुसते; वाळूउपशाने नदीपात्र खोल झाल्यामुळे ते आणखी वरपर्यंत जाते. क्लोराइड लिटरला 250 मिलिग्रॅमच्या वर गेले की पाणी मचूळ लागते. म्हणून नदीचे पाणी गोडे असेल त्या वेळातच पंप चालवून जलाशय भरून ठेवतात आणि खारटपणा वाढला की साठ्यातले पाणी मिसळतात. 2005 च्या जानेवारीत तेवढ्यानेही भागेना, तेव्हा वरच्या धरणांतून नदीत पाणी सोडून खारे पाणी मागे रेटावे लागले.