कांद्याच्या टरफलातलं विष

कांदा चिरायला घेतला की टरफल आधी केराच्या टोपलीत जातं. कोरडं, वाळलेलं, फुंकरीनं उडणारं. त्यात जिवंत पेशीही उरलेल्या नसतात. तरी लाल कांद्याला एका बुरशीपासून वाचवतं ते हेच टरफल.

हे कोडं सुटलं अमेरिकेतल्या विस्कॉन्सिनमध्ये. तिथल्या पांढऱ्या कांद्यांवर ‘स्मज’ नावाचा रोग पडे. पापुद्र्यांवर काळे ठिपके, एकात एक वर्तुळं काढल्यासारखे. कारण कोलेटोट्रिकम वंशातली एक बुरशी. लाल-पिवळ्या कांद्यांच्या वाटेला मात्र ती फारशी जात नसे. जे. सी. वॉकर या वनस्पतिरोगतज्ज्ञांनी रंगीत टरफलं पाण्यात भिजवली आणि त्या पाण्यात बुरशीचे बीजाणू सोडले. ते रुजेनात. पांढऱ्या टरफलांच्या पाण्यात तेच बीजाणू छान रुजत.

१९२९ साली वॉकर आणि रसायनशास्त्रज्ञ कार्ल पॉल लिंक यांच्या गटानं त्या टरफलांतून बीजाणूंना रुजू न देणारं प्रोटोकॅटेच्युइक आम्ल वेगळं काढलं. काही वर्षांनी तेच काम करणारं कॅटेकॉलही सापडलं. (हेच लिंक पुढे बुरसटलेल्या चाऱ्यातल्या एका रसायनाच्या मागे लागले आणि त्यातून रक्त पातळ करणारं वॉरफरिन जन्माला आलं.) गंमत म्हणजे ही दोन्ही संयुगं शुद्ध रूपात रंगहीन असतात. लाल-पिवळा रंग हा त्यांचा नुसता सोबती.

मला यात सगळ्यात आवडतं ते विषाचं वेळापत्रक. दोन्ही संयुगं पाण्यात विरघळतात. टरफल कोरडं असेपर्यंत ती जागच्या जागी पडून राहतात, पण तेव्हा बुरशीही काही करू शकत नाही. बीजाणूला रुजायला ओल लागते. दव किंवा पावसाचा थेंब टरफलावर पडला की त्याच थेंबात विष उतरतं. बीजाणू ज्या पाण्याची वाट पाहत असतो, तेच त्याला मारतं.

टरफल काढलं तर मात्र आतल्या मांसल पापुद्र्यांवर तीच बुरशी लाल कांद्यातही बस्तान मांडते. शिवाय हे विष सगळ्यांना लागू पडत नाही. कांदा हातात घेतल्यावर बोटांना जी काळी भुकटी लागते, ती ॲस्परजिलस नायजर नावाच्या दुसऱ्याच बुरशीची. ती लाल-पांढरा भेद मानत नाही.

त्याच टोपलीतल्या बटाट्याची रीत वेगळी. १९४० साली जर्मनीत म्युलर आणि ब्यॉर्गर यांनी कापलेल्या बटाट्यावर करपा रोगाच्या जंतूचा असा वाण टाकला, ज्याला तो बटाटा दाद देत नव्हता. मग त्याच जागी एरवी त्याच बटाट्याला सहज पोखरणारा वाण टाकला. तोही वाढेना. पहिल्या हल्ल्यानंतर बटाट्यानं तिथे काहीतरी तयार केलं असावं, असा त्यांचा निष्कर्ष होता. त्या अज्ञात पदार्थाला त्यांनी नाव दिलं फायटोअलेक्झिन: ग्रीकमध्ये ‘फायटॉन’ म्हणजे झाड आणि ‘अलेक्झेइन’ म्हणजे परतवून लावणं.

बटाट्यातला असा एक पदार्थ हाती लागायला १९६८ उजाडलं. जपानी संशोधकांनी ‘रिशिरी’ जातीच्या बटाट्यातून तो वेगळा केला, म्हणून त्याचं नाव रिशितिन. बुरशीला मारणारं रसायन बटाट्याच्या स्वतःच्या पेशींनाही बाधतं, शिवाय ते बनवायला अन्न खर्ची पडतं. त्यामुळे बटाटा ते साठवून ठेवत नाही. धडधाकट बटाट्यात रिशितिन शोधायला गेलात, तर जवळपास काहीच हाती लागत नाही.