ओढ्याला गढूळ पाणी आलं म्हणजे रानातून काय गेलं

पहिला मोठा पाऊस झाला की आमच्या जिंतूरकडं सगळे ओढा बघायला जातात, लेकरं पुढं अन मोठी माणसं मागं, "आला रे ओढा" म्हणून आनंद होतो, मलापण व्हायचा. मागच्या वर्षी काकाच्या सोयाबीनच्या रानात धुरा, म्हणजे बांध, फुटून जे पाणी चाललं होतं ते मी लिटरच्या बाटलीत भरून आखाड्यावर ठेवलं. सकाळी तळाला अर्ध्या पेराएवढा काळा गाळ, अन वरचं पाणी दोन दिवस झाले तरी निवळंना.

निवळत नाही कारण काळ्या मातीतली चिकणमाती इतकी बारीक असते की ती पाण्यात तरंगतच राहते, आणि तीच तर रानातली सगळ्यात कसदार माती! पेरताना टाकलेल्या डीएपीतलं स्फुरद ह्याच बारीक कणांना चिकटून बसतं, म्हणजे माती गेली की खतपण गेलं. ते ओढ्यातून पूर्णा नदीत आणि पुढं कुठंतरी साचतं, तिथं शेवाळ माजतं, शेवाळ मेलं की ते कुजताना पाण्यातला ऑक्सिजन संपतो आणि मासे मरतात.

युरियाची गोष्ट वेगळी, तो गाळासोबत नाही तर पाण्यात विरघळून जातो. मातीत त्याचा आधी अमोनियम होतो, तो मातीच्या कणाला धरून राहतो, पण जिवाणू त्याचं पुढं नायट्रेट करतात आणि नायट्रेटला माती धरून ठेवत नाही, दोघांवरही ऋण भार असतो ना. मग जोराचा पाऊस आला की ते खाली मुरतं, आपल्याकडं खाली मुरूम अन बेसाल्टच्या भेगा, त्यामुळं विहिरीपर्यंत पोचायला अडवणारं फारसं काही नसतं.

हिशोब करून बघा. ४५ किलोच्या एका पोत्यात साधारण २० किलो नत्र असतं, त्यातलं फक्त ५ किलो खाली गेलं तरी त्याचं २२ किलो नायट्रेट होतं, आणि पिण्याच्या पाण्यात लिटरला ४५ मिलिग्रॅमच चालतं, म्हणजे जवळपास ५ लाख लिटर पाणी त्या मर्यादेपर्यंत न्यायला एवढं पुरे. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला वरचं दूध अशा पाण्यात कालवून दिलं तर रक्ताची ऑक्सिजन वाहायची ताकद कमी होते, बाळ निळं पडू शकतं. अन पाणी उकळून उपयोग नाही, उलट आटल्यामुळं नायट्रेटचं प्रमाण वाढतंच.

५ लाख लिटर म्हणजे किती? २०१६ ला लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं तेव्हा पहिल्या गाडीत एवढंच होतं. आणि एका एकरावर २५ मिलिमीटर पाऊस पडला तर १ लाख लिटर होतात, म्हणजे पाच एकर रानावर एका संध्याकाळी ती अख्खी गाडी पडते अन आपण ती ओढ्याला सोडून देतो.

म्हणून मला वाटतं पाणी वाचवणं आणि पाणी चांगलं ठेवणं ही दोन कामं नाहीतच. काकाचं रान उताराच्या बाजूनं लांब आहे, ट्रॅक्टरला वळणं कमी पडतात म्हणून पेरणी उतारानंच व्हायची, आणि तिफणीची प्रत्येक रेघ म्हणजे पाण्याला पळायला एक नाली. ह्या साली भांडून आडवी पेरणी केली, बीबीएफनं, म्हणजे रुंद वरंब्यावर चार ओळी आणि दोन्ही बाजूला सरी. पाऊस थोडा असला तर सरीत थांबून मुरतो, लै झाला तर जास्तीचं पाणी सावकाश निघतं, मुळं सडत नाहीत. ते यंत्र नसलं तर पेरणीनंतर दर चार ओळींनी मृतसरी, म्हणजे पाण्यासाठी रिकामी सरी, काढली तरी बरंच काम होतं.

पावसानं ताण दिला की कोळपं घाला. जुनी माणसं म्हणतात ना, एक कोळपणी म्हणजे अर्धं पाणी, त्यात तथ्य आहे, वरचा थर मोकळा झाला की खालची ओल वर चढत नाही आणि भेगापण बुजतात. भेगा उघड्या राहिल्या तर पुढच्या पावसाचं पाणी वरचं खत घेऊन थेट खोल उतरतं.

युरिया मोठ्या पावसाच्या तोंडावर फेकू नका, कापसाला दोन-तीन हप्त्यांत, ओळीलगत देऊन मातीआड करा. सोयाबीन तर मुळाच्या गाठींतून स्वतःच हवेतलं नत्र घेतं, शेजाऱ्यानं टाकला म्हणून आपण त्यावर पुन्हा पोतं ओतायची गरज नाही. ओढ्याकाठी मारवेल, पवन्या असं गवत वाढू द्या, गाळ तिथंच अडकतो अन जनावराला चारा होतो. फवारणीचा पंप मात्र ओढ्यात किंवा विहिरीपाशी धुऊ नका.

शेततळ्याबद्दल स्पष्टच बोलतो. पावसाचं वाहतं पाणी साठवलं तर सोनं आहे, पण बोअरचं पाणी उपसून प्लास्टिकच्या तळ्यात उन्हाळाभर उघडं ठेवायचं हे मला पटत नाही, जमिनीखाली जे उडून जात नव्हतं ते आपण वर आणून उन्हाला देतो.

विहिरीचं पाणी तपासायचं असेल तर पावसाळा संपता संपता नमुना घ्या, तेव्हा मुरलेलं नायट्रेट दिसायची शक्यता जास्त. बाटली त्याच पाण्यानं तीनदा विसळा, भरून झाकण घट्ट लावा, थंड ठेवा आणि त्याच दिवशी लॅबला पोचवा, अन नायट्रेट तपासा म्हणून आवर्जून सांगा.